चिमणी मिलची, बिल नगरपालिकेचं

धुळे-नवापूरकडून सुरतेला येणारा रस्ता व्यारा, बारडोली मागे टाकत कडोदऱ्यात मुंबई-अहमदाबाद महामार्गाला छेदतो. खान्देशातली कितीतरी घरं या चौकाने पोसली. रेल्वेने आले ते ताप्ती लाइनवर शेजारच्या चलथाणला उतरले, ट्रकने आले ते इथे. चलथाणच्या साखर कारखान्यामुळे अजून आजूबाजूला ऊस दिसतो. बाकी नजर जाईल तिकडे डाइंग-प्रिंटिंगच्या मिला, यंत्रमाग, आणि कामगारांना भाड्याने दिलेल्या खोल्यांच्या रांगा. कडोदऱ्याला नगरपालिका आहे. जोळवा, तांतीथैया या बाजूच्या गावांना ग्रामपंचायती. धूर मात्र हद्द विचारत नाही.

पुढचा संवाद मी रचलेला आहे. मामा मूळचे नंदुरबारकडचे, तीसेक वर्षं मिलच्या बॉयलरवर काढून आता घरी बसलेले. भाची कडोदऱ्यात दिलेली, सिव्हिलचा डिप्लोमा झालेली, लग्नाआधी पाणीपुरवठ्याच्या एका ठेकेदाराकडे साइटवर काम केलेली. तिला नगरपालिकेला उभं राहायला विचारलंय. नावं मुद्दाम घातली नाहीत. अशी माणसं उधना, डिंडोली, लिंबायतपासून पलसाण्यापर्यंत गल्लोगल्ली भेटतील.

मामा : तिकीट देतायत म्हणे तुला?

भाची : विचारलंय. बाईची राखीव जागा आहे, वॉर्डात मराठी मतं आहेत, आणि उमेदवार शिकलेली हवी. ही कारणं त्यांची. माझं वेगळं आहे. मला गावाचा कार्बन कमी करायचाय.

मामा : नही व माय! हे भाषणात बोलू नकोस. गटर म्हण, पाणी म्हण, रस्त्यावरचा लाइट म्हण. कार्बन कोणाच्या दारात तुंबलाय अशी तक्रार घेऊन आजवर कोणी नगरसेवकाकडे गेलं नाही.

भाची : मी गटर, पाणी, लाइटच म्हणणार आहे. मामा, नगरपालिकेचं सगळ्यात मोठं लाइट बिल कशाचं येतं?

मामा : रस्त्यावरच्या दिव्यांचं असेल.

भाची : बहुतेक गावांत पाण्याचं. बोअरमधून उपसा, टाकीत चढवा, नळाला सोडा, सगळं मोटरीवर. तीस हॉर्सपॉवरची एक मोटर धरा. रोज दहा तास चालली तर सव्वादोनशे युनिट खाते. आपल्याकडे ग्रिडच्या एका युनिटमागे सातशे ग्रॅमच्या वर कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, कारण वीज अजून मुख्यतः कोळशाची. आता पाइपलाइनमधून पाचवा हिस्सा पाणी गळतंय असं समजा. ते पाणी उपसायला लागलेली वीजही गळाली. वर्षाचे सोळा हजार युनिट, बारा टनांच्या आसपास कार्बन. एका मोटरीचा.

मामा : त्यापेक्षा झाडं लावा. नगरसेवकाला झाडं बरी पडतात. खड्डा, रोप, फोटो, संपलं.

भाची : वाढलेलं झाड वर्षाला वीस-बावीस किलो कार्बन धरतं असा ढोबळ हिशेब करतात. म्हणजे त्या एका गळतीला साडेपाचशे-सहाशे मोठी झाडं. कडोदऱ्यात सहाशे झाडांना जागा दाखवा. जागा मिळाली तरी ती मोठी व्हायला दहा वर्षं, आणि मधल्या काळात महामार्गाची एक लेन वाढली की संपलं.

मामा : बरं, आता माझा हिशेब ऐक. दहा टनी बॉयलर पूर्ण लोडवर चालला तर दिवसाला पस्तीस-चाळीस टन कोळसा खातो. लिग्नाइट असेल तर त्याहून जास्त. ओला असतो, मातीसारखा चुरा होतो, आग धरायलाच अर्धी ताकद जाते. त्या कोळशाचा कार्बन किती?

भाची : साठ टनांच्या वर.

मामा : दिवसाला. तू वर्षभर खड्डे खणून, पाइप बदलून, लोकांच्या शिव्या खाऊन बारा टन वाचवणार. माझा जुना बॉयलर तेवढे पाच तासांत उडवायचा. पाळी सरली नसेल तोवर तुझं वर्ष साफ. आणि सुरतेच्या पट्ट्यात डाइंग-प्रिंटिंगच्या शेकड्यांनी मिला आहेत. तू कोणाच्या चिमणीला हात लावणार?

(मामांचा आकडा ढोबळ आहे, पण चुकीचा नाही. कापड रंगवायला गरम पाणी लागतं, छपाई पक्की करायला वाफ, स्टेंटर यंत्रावर सुकवायला उष्णता. या पट्ट्यात ती उष्णता मुख्यतः कोळसा आणि लिग्नाइटमधून येते. लिग्नाइटची एक खाण तर सुरत जिल्ह्यातच आहे, मांडवी तालुक्यात तडकेश्वरला. गावाच्या कार्बनवर बोलणारा जो कोणी हा आकडा टाळतो, त्याच्या बाकीच्या बोलण्यावर विश्वास ठेवणं अवघड जातं. भाचीने टाळला नाही.)

भाची : चिमणीवर नगरपालिकेची सत्ता नाही, मान्य. ती प्रदूषण नियंत्रण मंडळाची. वीज दक्षिण गुजरात वीज कंपनीची, महामार्ग केंद्राचा. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांसाठी अठरा कामं लिहिली, त्यात पर्यावरणाचं रक्षणही आहे. पण त्याची चावी कोणी हातात दिली नाही. तरी तुमच्या चिमण्यांवर एकदा काहीतरी झालं की नाही? २०१९ चं सांगा ना.

मामा : ते मशीनवालं? हां. चिमणीत यंत्र बसवलं, धुळीचा आकडा सरळ मंडळाच्या कॉम्प्युटरवर. मिलला धुळीचा कोटा. कमी सोडली तर उरलेला कोटा विकायचा, जास्त सोडली तर दुसऱ्याकडून विकत घ्यायचा. आमचा शेठ आधी खूप चिडला. मग त्याच्या लक्षात आलं की बॅग फिल्टर नीट ठेवला तर कोटा विकून पैसे येतात. त्या दिवसापासून फिल्टरची पिशवी फाटली की मला रात्री फोन.

भाची : धुळीचा असा बाजार जगात पहिल्यांदा सुरतेत भरला. मंडळासोबत शिकागो, येल, वॉरिकचे अर्थतज्ज्ञ होते. काही मिलांना बाजारात घेतलं, काहींना जुन्याच नियमाखाली ठेवलं आणि मग तुलना केली. बाजारातल्या मिलांची धूळ वीस ते तीस टक्के कमी निघाली.

मामा : धूळ, बेटा. कार्बन नाही. फिल्टर धूळ अडवतो, कार्बन डायऑक्साइड त्यातून गाणं म्हणत निघून जातो. दोरीवरच्या कपड्यांवर काजळी कमी बसायला लागली, एवढं खरं. आणि हे सगळं मंडळाने केलं, नगरसेवकाने नाही. तू माझाच मुद्दा सिद्ध केलास.

भाची : अर्धा. माझा अर्धा असा की शेठ आकडा दिसल्यावर हलला. तुम्ही कंडेन्सेटच्या लाइनचं सांगितलं होतं, तेव्हा मॅनेजर कशाने हलला होता?

मामा : (खुलून) ते वेगळं. वाफ काम करून झाली की तिचं पाणी होतं, तेही चांगलं गरम. आमच्याकडे ते सरळ गटरात. मी म्हटलं, हे परत बॉयलरला द्या. बॉयलरला जाणारं पाणी सहा डिग्रीने गरम झालं की एक टक्का कोळसा वाचतो, हे कुठलाही बॉयलरवाला तोंडपाठ सांगेल. मॅनेजर ऐकेना. मग मी महिन्याचा कोळशाचा हिशेब त्याच्या टेबलावर ठेवला. आठवड्यात पाइप आला, वर ग्लासवूलचं वेष्टणही आलं.

भाची : पर्यावरणाने हलला?

मामा : बिलाने हलला.

भाची : नगरपालिकेचं बिल असं कोणाच्या टेबलावर येतं? सभेत वर्षाचा एक आकडा वाचतात, हात वर होतात. कुठल्या पंपाचं किती, कुठल्या वॉर्डाच्या दिव्यांचं किती, काही नाही. मला निवडून दिलं तर पहिलं काम हे. दर महिन्याला पंपागणिक बिल, सोबत किती लिटर पाणी चढवलं तो आकडा, नगरपालिकेच्या दारावर. गुजराती, हिंदी, मराठी, ओडिया.

मामा : ओडिया कशाला? त्यांची मतं तिकडे ओडिशात, गंजाममध्ये.

भाची : पाणी इथे भरतात ना.

मामा : तू फार भोळी. मुद्दा तोच आहे. इथली निम्मी माणसं मतदारच नाहीत. दिवाळीला गावी, होळीला गावी, मत गावी, आजारी पडलं की गावी. नगरसेवक कोणाचा? ज्याचं मत आहे त्याचा. मत कोणाचं? खोल्यांच्या मालकाचं. तू मालकाविरुद्ध जाणार?

(इथे वाद खरा रंगला, कारण दोघांनाही त्या भाड्याच्या खोल्या माहीत होत्या. एका जिन्याने वर गेलं की दोन्ही हाताला बारा-पंधरा दारं, शेवटी सामाईक मोरी, वर पत्रा. जिन्याखाली मालकाचं एकच मोठं मीटर आणि खोलीगणिक छोटी सबमीटरं; युनिटचा भाव मालक सांगेल तो.)

भाची : विरुद्ध नाही, सौदा. १३ फेब्रुवारी २०२४ ला पंतप्रधान सूर्यघर योजना आली. घराच्या छपरावर तीन किलोवॉटचं सोलर बसवलं तर ७८ हजार सबसिडी. गुजरात त्यात पुढे आहे. पण फायदा ज्याचं छप्पर त्याला. भाडेकरूला छप्परच नाही.

मामा : तेच. तुम्ही लोक मान्याचीवाडीचे व्हिडिओ पाठवता. साताऱ्याकडचं गाव, २०२४ मध्ये महाराष्ट्राचं पहिलं सौरग्राम झालं, कौतुकच आहे. पण तिथे शंभरेक घरं, प्रत्येक घर स्वतःचं, सगळे एकमेकांचे भाऊबंद. सरपंचाने हाक मारली की माणसं चावडीवर. तिथली गोष्ट इथे लावायची म्हणजे बोरीच्या झाडाला आंबे शोधणं.

भाची : म्हणून मान्याचीवाडी नाही, पुणं घ्या. पुणे महापालिका सोलर, पावसाचं पाणी साठवणं, गांडूळखत यातली एक सोय असेल तर मिळकतकरात पाच टक्के सूट देते, दोन असल्या तर दहा. कडोदऱ्यात घरवेऱ्यात, म्हणजे इथल्या मिळकतकरात, अशी सूट द्यायचा प्रस्ताव मांडता येतो. वरून मंजुरी लागेल ती मागता येते. अट एकच घालायची : मालकाने खोल्यांच्या सबमीटरचा दर सरकारी दराच्या आसपास ठेवायचा आणि पत्र्याला पांढरा रंग द्यायचा.

मामा : पांढरा रंग? त्याने कार्बन कमी होतो?

भाची : थेट थोडाच. पण मे महिन्यात पत्र्याखाली रात्रपाळीचा माणूस दिवसा झोपतो. पत्रा थोडा कमी तापला तर दुसरा पंखा, कूलर कमी चालतो. अहमदाबादेत २०१० च्या उन्हाळ्यात माणसं पटापट गेली, म्हणून तिथे २०१३ मध्ये उष्णतेचा कृती आराखडा झाला. वस्त्यांच्या छपरांना चुन्याचा पांढरा रंग द्यायचं काम त्यानंतर तिथे मोठ्या प्रमाणावर झालं. मामा, तुमच्यासारख्या माणसाचा कार्बन आहेच किती? एक पंखा, एक बल्ब, मोबाइलचा चार्जर. त्याला कार्बन कमी कर म्हणून सांगायला जाणं निर्लज्जपणा आहे. त्याला झोप मिळाली पाहिजे.

मामा : हे बोललीस ते पटलं. पण मिलचं काय? शेवटी फिरून चिमणीपाशी यावंच लागतं.

भाची : मिलला हुकूम देता येत नाही, पण मिलला नगरपालिकेकडून काय काय लागतं ते मोजा. पाणी लागतं. सुरत महापालिकेने बमरोलीत सांडपाणी शुद्ध करण्याचा प्रकल्प २०१४ मध्ये सुरू केला, रोज चार कोटी लिटरचा. ते पाणी पांडेसऱ्याच्या मिला विकत घेतात. शहराचं गटर मिलचा माल झालं. अंजना भागात तर सांडपाण्याच्या गाळातून निघणाऱ्या मिथेनवर २००३ पासून वीज केली. मिथेन उघड्यावर सुटला तर वीस वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशीपट तापवतो. गटराचं काम हेच कार्बनचं काम आहे, लोकांना तसं सांगत बसायची गरज नाही.

मामा : सुरत महापालिकेकडे पैसा आहे. कडोदरा नगरपालिका तेवढं कुठून आणणार?

भाची : एकटी नाही आणू शकत. चलथाण, वरेली, जोळवा, सगळ्यांनी मिळून एक प्रकल्प मागायचा. तो मागायला कोणीतरी गांधीनगरला खेटे घालायला हवेत, आणि ते काम अधिकाऱ्याचं नाही, निवडून आलेल्या माणसाचं आहे. दुसरं, रस्ता. सुरतेजवळच्या सचिन जीआयडीसीत, म्हणजे सरकारी औद्योगिक वसाहतीत, एका मोठ्या बॉयलरमधून पाइपने अनेक कारखान्यांना वाफ पुरवतात.

मामा : कम्युनिटी बॉयलर. बघितलाय मी. पण तोही कोळशावरच चालतो, एवढं ध्यानात ठेव.

भाची : ठेवलंय. पण वीस छोट्या, गळक्या बॉयलरांपेक्षा एक मोठा कमी कोळशात तेवढीच वाफ देतो की नाही?

मामा : देतो. छोट्या बॉयलरवर लोड सारखा वरखाली, दार सारखं उघडायचं, उष्णता बाहेर. मोठ्यावर माणूसही शिकलेला मिळतो. पुढे कधी गॅस किंवा उसाचा भुसा लावायचा म्हटलं तर एकाच जागी बदलायचं. ते बरोबर आहे.

भाची : जीआयडीसीत रस्ता त्यांचाच. आपल्या पट्ट्यात बऱ्याच मिला जीआयडीसीच्या बाहेर, गावाच्या जमिनीवर. तिथे वाफेची पाइपलाइन टाकायची तर गावाचा रस्ता ओलांडावा लागेल, आणि रस्ता खणायची परवानगी आमच्या ठरावाशिवाय मिळणार नाही. परवानगी देताना जुन्या बॉयलरची तारीख मागून घ्यायची : कधी बंद करणार, लिहून द्या.

मामा : तू निवडून आलीस की पहिल्याच महिन्यात ठेकेदार म्हणेल, ताई, खड्ड्याचे किती? तुझ्या पॅनेलमधले तिघे त्याच्याकडे झुकतील. एका वॉर्डात चार नगरसेवक. लोक पहिल्याकडे गेले तर तो म्हणतो दुसऱ्याचं काम, दुसरा म्हणतो तिसऱ्याचं. बायका निवडून येतात, खुर्चीत नवरे बसतात. मी १९९४ च्या सप्टेंबरात सुरतेतल्या प्लेगच्या भीतीने ताप्ती लाइनच्या डब्याला लटकून गावी पळालेला माणूस आहे. ते शहर साफ केलं कोणी? नगरसेवकांनी? पुढच्या वर्षी आयुक्त म्हणून आलेल्या एस. आर. रावांनी. अधिकाऱ्याने.

भाची : मग राव साहेब बदलून गेल्यावर शहर पुन्हा तसंच का झालं नाही?

मामा : कारण त्यांनी रोजच्या कामाची सवय लावली. मुकादम सकाळी सातला हजर, हे नंतरही राहिलं.

भाची : आणि त्या मुकादमांचे पगार, झाडूगाड्या, टिपर यांचं बजेट दरवर्षी मंजूर कोणी केलं?

मामा : ते केलं असेल त्यांनी. पण केलं म्हणून तुला एकटीला...

(इथे दोघंही आपापल्या जागी अडून राहिले. माझं मत विचाराल तर मामा इतिहासात बरोबर आहेत. १९९५ नंतरची सुरत एका आयुक्ताने हलवली, सभागृहाने नंतर सांभाळली. पण पंपाच्या गळतीसाठी राव यांच्यासारखा अधिकारी कडोदऱ्याच्या वाट्याला येईल ही आशा धरून बसणं हा काही बेत नव्हे. छोट्या नगरपालिकांना मुख्य अधिकारी वारंवार बदलून मिळतात. कुठल्या गल्लीत व्हॉल्व्ह गळतो ते त्याला कळेपर्यंत बदलीचा कागद येतो. नगरसेवक निदान पाच वर्षं त्याच गल्लीत राहतो.)

मामा : समज, तू आलीस निवडून. मिलांनी तुझं ऐकलं नाही, गांधीनगरने फाइल दाबली, मालकाने पत्रा रंगवला नाही. पाच वर्षांनी काय दाखवशील?

भाची : पंपाचं बिल. ते माझ्या हातात आहे. पहिल्या महिन्याचं आणि साठाव्या महिन्याचं, शेजारी-शेजारी. मधे गावाला पाणी वाढवून मिळालं असेल तर तेही लिहीन. बिल वाढलं तरी लावीन.

मामा : वाढलेलं बिल दारावर लावणारा नगरसेवक मी तरी पाहिला नाही.

भाची : म्हणून तर उभी राहते.

मामा : मग एक कर. बिलासोबत पंप किती तास चालला आणि प्रेशर किती होतं, तेही लिही. नुसतं बिल पाहून काही कळत नाही. दर वाढला की गळती वाढली, सांगता येत नाही. आमच्या बॉयलर लॉगबुकात दर तासाला प्रेशर, पाण्याची पातळी, कोळशाचे टप लिहायचो, म्हणून चोरी लगेच कळायची. लॉगबुक कसं आखायचं ते मी दाखवतो. मत देतो म्हणालो नाही हं. लॉगबुक दाखवतो म्हणालो.

भाची : तेवढं पुरे.

कडोदऱ्याच्या चिमण्यांचा प्रश्न गांधीनगर आणि दिल्लीतच सुटेल, हे मामांचं म्हणणं मला शेवटपर्यंत खरं वाटतं. पण तिथे जाऊन भांडणाऱ्याच्या हातात आपल्या गावाचं स्वच्छ हिशेबाचं लॉगबुक असेल तर त्याला टेबलाच्या या बाजूला बसवून ठेवणं अवघड जाईल, म्हणून मी भाचीकडे झुकतो. तुमच्याही गावात उमेदवार दारात आला, तर त्याला पाणीपुरवठ्याचं मागच्या महिन्याचं लाइट बिल किती आलं ते विचारा. सांगता आलं नाही, तर पुढच्या फेरीला सोबत घेऊन यायला सांगा.